जीनोमचं धान: पिशवी घेण्याआधी समजून घेऊ



रोहिणी लागल्या की आपल्याकडे दोनच गोष्टींचं बोलणं असतं. पाऊस कधी येणार आणि यंदा धान कोणतं लावायचं. आज मी धानाबद्दल बोलणार आहे. सुरुवात गेल्या वर्षीच्या एका बैठकीपासून करते.

मे महिना संपत आला होता. अकरा बायांच्या एका गटाच्या मासिक बैठकीला मी गेले होते. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले, कार्यवाही लिहून झाली. उठता उठता सचिवताई म्हणाल्या, “ताई, एक ठराव राहिला. पंचवीस हजार उचलायचे आहेत, बियाण्यासाठी.”

“एवढे? कोणतं बियाणं?”

“जीनोमचं धान. टीव्हीवर नाही का दाखवलं? गावात एक जण येऊन गेला. दहा किलोची पिशवी अडीच हजाराला. पंधरा-वीस दिवस आधी निघते म्हणे, अन् धानही जास्त होते.”

दहा पिशव्यांचे पंचवीस हजार. गटाच्या खात्यात तेव्हा एकतीस हजार होते. म्हणजे दोन वर्षं शंभर-शंभर रुपये टाकून जमवलेली रक्कम जवळजवळ सगळी एका अनोळखी माणसाच्या शब्दावर द्यायची होती.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक आजी म्हणाल्या, “नका घेऊ वं बायांनो. ते इंजेक्शन दिलेलं धान आहे. खाल्लं तर पोरंबाळं होत नाही. माझ्या नातवानं मोबाइलवर दाखवलं.”

एकीला ते जादूचं बियाणं वाटत होतं, दुसरीला विषाचं. नेमकं काय ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि खरं सांगते, मलाही नव्हतं. मी बी.ए. झाले ती मराठी आणि समाजशास्त्र घेऊन. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं की ठराव आठ दिवस थांबवू. मग कृषी सहायकांना विचारलं, कृषी विज्ञान केंद्रात जाऊन बसले, मिळेल ते वाचलं. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

धानाची पोथी

प्रत्येक सजीवाच्या पेशीत एक लांबच लांब मजकूर असतो. त्याला डीएनए म्हणतात. तो फक्त चार अक्षरांत लिहिलेला असतो. तीच चार अक्षरं पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या क्रमाने येतात. धानाचा हा सगळा मजकूर साधारण ४० कोटी अक्षरांचा आहे. या पूर्ण पोथीला जीनोम म्हणतात. पोथीतला जो उतारा एखादं काम सांगतो, त्याला जनुक म्हणतात. झाड किती उंच व्हावं, लोंबीला किती दाणे धरावेत, पानातून पाणी किती उडावं, अशी कामं जनुकांकडे असतात. एखाद्या कामाला एक जनुक असतं, एखाद्याला कितीतरी मिळून लागतात.

धानाची ही पोथी अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून वाचली. ते काम २००५ मध्ये जगापुढे आलं, आणि त्यात आपल्या देशाचाही वाटा होता. कोणत्या ओळीत काय लिहिलंय हे कळलं, म्हणूनच आजचा विषय शक्य झाला.

आता एक गंमत बघा. ‘आंबा’ या शब्दावरचं टिंब काढलं की ‘आबा’ होतो. एवढ्याशा टिंबाने फळाचा माणूस झाला. धानाच्या पोथीतही असंच आहे. एखादं अक्षर गळलं किंवा बदललं की कधी काहीच होत नाही, कधी झाड बिघडतं, आणि कधी एखादा चांगला गुण येतो. असे बदल निसर्गात आपोआप होतच असतात. आपल्या आज्या-पणज्यांनी बांधीत फिरून चांगली लोंबी वेगळी काढली आणि बियाण्याला ठेवली, तेव्हा त्या नकळत अशाच बदलांची निवड करत होत्या.

आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण फार नाही, जमीन जेमतेम. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंबी वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या लावल्या, आणि त्यातून आपण आज हौसेने खातो तो ‘एचएमटी’ तांदूळ आला. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाचा मान होता, म्हणून धानालाही तेच नाव पडलं. हे वाण दूरवर पोचलं, पण २०१८ मध्ये दादाजी गेले ते गरिबीतच. हे लक्षात ठेवा, कारण वाण कोणी केलं आणि फायदा कोणाला झाला, हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

बदल करण्याच्या जुन्या रीती

निसर्गाची वाट पाहण्यात फार वर्षं जातात. म्हणून शास्त्रज्ञांनी वेगवेगळे मार्ग काढले.

पहिला मार्ग संकराचा. एका वाणात दाणा चांगला, दुसऱ्यात रोगाला दाद न देण्याचा गुण. दोघांचा संकर करायचा आणि पिढ्यान् पिढ्या निवड करत जायची. यात दोन पोथ्यांची पानं एकमेकांत मिसळतात. हवं ते येतं, नको तेही येतं, आणि नको ते काढता काढता सात-आठ वर्षं सहज जातात.

दुसरा मार्ग किरणांचा. मुंबईतल्या तुर्भे इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमुगाची वाणं अशी तयार केली. बियाण्यावर किरण सोडायचे, त्याने पोथीतली अक्षरं कुठेही बदलतात, मग हजारो झाडांतून उपयोगाचं झाड शोधायचं. त्या बदललेल्या झाडांचे पुढे संकरही होतात. ‘टीएजी-२४’ हा भुईमूग याच वाटेने आला. महाराष्ट्रात कितीतरी बायांनी त्याच्या शेंगा तोडल्या आहेत. किरणांनी बदललेलं म्हणून त्याला कोणी घाबरलं नाही, कारण तसं आहे हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं.

तिसरा मार्ग बीटीचा. हा नीट समजून घ्या, कारण जास्त गोंधळ इथेच होतो. मातीत एक सूक्ष्म जिवाणू असतो. त्याच्याकडे बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार करण्याचं जनुक असतं. ते जनुक उचलून कापसाच्या पोथीत घातलं. म्हणजे दुसऱ्या गावच्या गटाच्या रजिस्टरमधलं एक पान फाडून आपल्या रजिस्टरमध्ये चिकटवलं. २००२ मध्ये आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीला फवारण्या कमी झाल्या. पुढे गुलाबी बोंडअळीला त्याची सवय झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात काय हाल झाले ते कापूसवाल्यांना विचारा. बीटी वांग्याला मात्र सरकारने २०१० मध्ये थांबवलं.

नवी कात्री

आता चौथा मार्ग, जनुकसंपादनाचा. संपादन म्हणजे मजकूर तपासून दुरुस्त करणं. यात बाहेरचं पान आणून चिकटवत नाहीत. आपल्याच रजिस्टरमध्ये एका ठरलेल्या ओळीतलं एखादं टिंब खोडतात.

चाळीस कोटी अक्षरांत ते एक टिंब सापडायचं कसं? याची युक्ती जिवाणूंकडूनच मिळाली. जिवाणूंनाही विषाणूंचा आजार होतो. त्यातून वाचलेला जिवाणू त्या विषाणूच्या मजकुराचा छोटा तुकडा आपल्या पोथीत नोंदवून ठेवतो, जसा किराणा दुकानदार उधारी बुडवणाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवतो. तोच विषाणू पुन्हा आला की जिवाणू नोंद ताडून पाहतो, आणि जुळली की कात्रीसारखं काम करणारं एक प्रथिन त्या विषाणूचा डीएनए कापून टाकतं. या व्यवस्थेला क्रिस्पर म्हणतात आणि त्या कात्रीला कॅस-नऊ.

२०१२ मध्ये दोन शास्त्रज्ञ बायांनी दाखवून दिलं की ही कात्री आपण सांगू त्या ठिकाणी चालवता येते. फ्रान्सच्या इमॅन्युएल शार्पेंतिए आणि अमेरिकेच्या जेनिफर डाउडना. २०२० मध्ये दोघींना मिळून रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कोणी पुरुष सोबत नसताना फक्त दोन स्त्रियांनी विज्ञानाचं नोबेल वाटून घेतल्याची ती पहिलीच वेळ होती.

धानात हे करतात ते असं. जे जनुक बदलायचं त्यातली साधारण वीस अक्षरं निवडतात आणि त्यांच्याशी जुळणारा एक वाटाड्या तयार करतात. वाटाड्या आणि कात्री दोन्ही धानाच्या पेशीत पाठवतात. वाटाड्या नेमकी ओळ शोधतो, कात्री तिथे कापते. आता कापलेला धागा पेशी घाईघाईने जोडते, आणि त्या घाईत एखाद-दुसरं अक्षर गळतं किंवा जास्तीचं पडतं. तेवढ्याने ते जनुक बंद पडतं. आपण फाटलेली साडी शिवताना दोन धागे आत जातात आणि काठावरचं फूल मोडतं ना, तसंच.

मग प्रयोगशाळेत बाटलीत त्या पेशीपासून रोप वाढवतात. पुष्कळदा कात्री तयार करणारं जनुकही त्या रोपात शिरलेलं असतं. ते बाहेरचं असतं, म्हणून ते काढावं लागतं. त्यासाठी त्या रोपाचं बी घेऊन पुढची पिढी लावतात. जसं घरातल्या सगळ्याच लेकरांना आईचे घारे डोळे येत नाहीत, तसं त्या बियांतल्या काही रोपांत बदल असतो पण कात्री नसते. नेमकी तीच रोपं निवडतात आणि बाकीची नष्ट करतात. भलत्याच ठिकाणी कात्री चालली नाही ना, हेही तपासतात. म्हणून शेवटी जे बियाणं आपल्या हातात येईल त्यात परकं जनुक नसायला हवं, अशी अट आहे.

आजींच्या इंजेक्शनचं उत्तर इथे आहे. या धानाला औषध टोचलेलं नसतं, आणि विषही घातलेलं नसतं. आपण रोज जो भात, वरण, भाजी खातो त्या सगळ्यांत डीएनए असतोच आणि तो पोटात पचून जातो. पोरंबाळं न होण्याची भीती बाळगायला काही आधार नाही. एवढं मात्र खरं, की पद्धत चांगली म्हणून तिच्यातून निघालेलं प्रत्येक वाण आपोआप चांगलं ठरत नाही. प्रत्येक वाणाची वेगळी परीक्षा घ्यावीच लागते.

टीव्हीवर दाखवलेली दोन वाणं

४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुकसंपादनाने तयार झालेली धानाची दोन वाणं जाहीर केली. दोन्ही भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, म्हणजे सरकारी संस्थांची.

पहिलं ‘डीआरआर धान १००’, त्याचं दुसरं नाव ‘कमला’. ते हैदराबादच्या भारतीय तांदूळ संशोधन संस्थेने सांबा महसुरी या जुन्या, खायला चांगल्या वाणापासून केलं. धानाच्या लोंबीत एक वाढीचा रस असतो, तो जास्त असला की दाणे जास्त धरतात. एक जनुक असं आहे की ते हा रस मोडून टाकतं. संस्थेने ते जनुक बंद केलं. रस टिकला, दाणे वाढले. सांबा महसुरीचं हेक्टरी ४५ क्विंटल तर कमलाचं सरासरी ५३.७ क्विंटल, म्हणजे सुमारे १९ टक्के जास्त, असं संस्थेने सांगितलं. आपल्या भाषेत एकरी साडेतीन क्विंटलची वाढ. शिवाय ते १३० दिवसांच्या आसपास, म्हणजे १५ ते २० दिवस आधी निघतं. तेवढ्या पाण्याच्या पाळ्या वाचतात.

दुसरं ‘पुसा डीएसटी राईस १’. ते दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘एमटीयू १०१०’ पासून केलं. हे १०१० धान आपल्याकडेही लावतात. यात जे जनुक बंद केलं त्यामुळे पानावरची बारीक छिद्रं कमी होतात, पाणी कमी उडतं आणि झाड क्षार व कोरड जास्त सोसतं. क्षारपड जमिनीत मूळ वाणापेक्षा साधारण १० ते ३० टक्के जास्त उत्पन्न आलं, असं संस्थेचं म्हणणं आहे.

दोन्ही वाणं ज्या राज्यांसाठी सुचवली आहेत त्यांत महाराष्ट्राचं नाव आहे. म्हणून हा विषय दिल्ली-हैदराबादचा राहत नाही, आपल्या बांधीपर्यंत येतो.

पण आकडे ऐकताना जरा थांबा. १९ टक्के जास्त म्हणजे कोणापेक्षा? सांबा महसुरीपेक्षा. तुम्ही जर घरी दुसरंच धान लावत असाल तर ती तुलना तुम्हाला लागू होत नाही. दुसऱ्या वाणाची वाढ क्षारपड जमिनीतली आहे. कोकणात खाडीचं पाणी शिरलेल्या खार जमिनीवरच्या बहिणींना त्याचा उपयोग होऊ शकतो. आपल्या गोड्या बांधीत तोच फायदा होईल असं धरू नका. आणि एखाद्या जनुकाने दाणे जास्त धरले, तरी ते भरायला खत, पाणी आणि ऊन लागतंच. तुडतुडा आला तर तो कमलाला सोडणार नाही. एका जनुकाने एकच काम होतं.

कायदा काय म्हणतो, आणि वाद कशाचा

बीटीसारख्या पिकाला आपल्याकडे लांबलचक तपासणीतून जावं लागतं. ३० मार्च २०२२ रोजी केंद्र सरकारने जनुकसंपादनाच्या दोन प्रकारांना त्या लांब वाटेतून सूट दिली. ज्यात फक्त कापून अक्षर बदललं आहे, किंवा कापून लहानशी दुरुस्ती केली आहे, आणि ज्यात बाहेरचं जनुक उरलेलं नाही, असे हे दोन प्रकार. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीने परकं जनुक नसल्याची खातरजमा करायची, अशी व्यवस्था आहे. ज्यात बाहेरचं पूर्ण जनुक घालतात त्या तिसऱ्या प्रकाराला सूट नाही.

ही सूट योग्य की नाही यावर दोन मतं आहेत. एका बाजूचे शास्त्रज्ञ म्हणतात, असा बदल निसर्गातही होऊ शकतो, मग त्याला बीटीचे नियम कशाला? दुसऱ्या बाजूचे म्हणतात, नवी पद्धत आहे, तपासणी स्वतंत्र आणि उघड हवी. या दोन वाणांच्या चाचण्यांच्या आकड्यांवरही जनुकबदल केलेल्या पिकांना विरोध करणाऱ्या संघटनांनी आक्षेप घेतले, आणि परिषदेने ते नाकारले. युरोपात तर २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने अशा पिकांना जुन्याच कडक नियमांत धरलं होतं. उलट जपानमध्ये २०२१ पासून असा टोमॅटो बाजारात विकला जातो.

तिसरा वाद मालकीचा आहे, आणि माझ्या मते आपल्यासाठी तोच सगळ्यात मोठा. ज्या कात्रीने हे काम होतं त्या कात्रीची पेटंटं परदेशी संस्थांच्या नावावर आहेत. त्यातून निघालेलं बियाणं विकायचं तर परवान्याचा प्रश्न येतो. आज वाण सरकारी संस्थेचं आहे. उद्या हीच पद्धत वापरून खासगी कंपन्या बियाणं आणतील. तेव्हा पिशवीची किंमत काय असेल, आणि ते बियाणं आपल्याला ढोलीत ठेवता येईल का?

इथे एक गोष्ट आपल्या हक्काची आहे. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा सांगतो, की संरक्षित वाणाचंही बियाणं शेतकरी ठेवू शकतो, पुन्हा पेरू शकतो, शेजारणीला देऊ शकतो, अदलाबदल करू शकतो आणि विकूही शकतो. फक्त ते कंपनीच्या छापाच्या पिशवीत भरून विकता येत नाही. धान स्वतःचं स्वतःच फळतं, म्हणून संकरित नसलेल्या वाणाचं घरचं बी पुढच्या वर्षी तसंच येतं. जनुकसंपादनाने यात काही फरक पडत नाही. कोणी म्हणालं की “हे दरवर्षी नवीनच घ्यावं लागते”, तर विचारा, हे संकरित आहे का? नसेल तर का घ्यावं लागेल?

याच कायद्यात असंही आहे, की संरक्षित वाण विकणाऱ्याने ते कोणत्या परिस्थितीत किती येईल हे सांगायचं, आणि तसं आलं नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. पण भरपाई मागायला हातात कागद लागतो.

त्या पिशवीचं काय झालं

आता पुन्हा आपल्या बैठकीकडे येऊ. आठ दिवसांनी आम्ही पुन्हा जमलो आणि मी फक्त तारखा मांडल्या. वाण जाहीर झालं ४ मे ला. माणूस गावात आला त्याच महिन्याच्या शेवटी. आता बियाणं वाढतं कसं ते बघा. आधी संस्था पैदासकार बियाणं देते, मूठभर. ते एक हंगाम लावून पायाभूत बियाणं होतं. ते पुन्हा लावून प्रमाणित बियाणं होतं, आणि मग पिशव्या दुकानात येतात. म्हणजे जाहीर झाल्यावर दोन-तीन हंगाम तरी जातात. तीन आठवड्यांत गावोगाव दहा-दहा पिशव्या आल्या कुठून?

बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मग सचिवताईंनी त्या माणसाला फोन लावला आणि विचारलं, “पक्कं बिल द्याल का? चिठ्ठी कोणत्या रंगाची आहे?” तो म्हणाला, “ताई, बिल घेतलं तर महाग पडेल.” पुढे त्याने फोन उचलला नाही. ठराव रद्द झाला. गटाचे पंचवीस हजार वाचले.

पण एका बहिणीने आधीच स्वतःच्या पैशाने एक पिशवी घेतली होती. तिने पऱ्हे टाकले, रोवणी केली. धान उगवलं, वाढलंही. पण निसवायच्या वेळी कळलं. अर्ध्या बांधीत लोंबी बाहेर आलेली, अर्धं अजून पोटरीत. काही झाडं कमरेएवढी, काही गुडघ्यापर्यंत. सरळ सरळ भेसळ होती. कापणी दोनदा करावी लागली, मजुरी दुप्पट गेली. तक्रार करायची तर बिल नाही, चिठ्ठी नाही, पिशवीसुद्धा तिने धुऊन घरात वापरायला काढली होती. ती मला म्हणाली, “ताई, मी जीनोम-बिनोम काय ते नाही विचारलं. विचारलं तर अडाणी म्हणतील, असं वाटलं.”

मैत्रिणींनो, मला हेच वाक्य लागलं. न समजलेला शब्द मोठा वाटतो, आणि मोठ्या शब्दापुढे आपण गप्प बसतो. ठगाला तेवढंच हवं असतं.

म्हणून बियाणं घ्यायच्या आधी बैठकीत एवढं विचारा.

एक, हे कोणत्या संस्थेचं वाण आहे आणि आपल्या जिल्ह्यासाठी सुचवलं आहे का? खात्री सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून करा. जनुकसंपादन केलेला दाणा डोळ्यांनी वेगळा ओळखू येत नाही, म्हणून बघून कळेल असं समजू नका.

दोन, पिशवीची चिठ्ठी कोणती? पैदासकार बियाण्याला सोनेरी-पिवळी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी आणि सत्यप्रतला हिरवी चिठ्ठी असते.

तीन, वाणाचं नाव आणि लॉट क्रमांक लिहिलेलं पक्कं बिल मिळेल का? बिल, चिठ्ठी, पिशवी आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करता येते, पण या चार वस्तू लागतात.

चार, हे पुढच्या वर्षी घरी ठेवता येईल का?

पाच, पहिल्या वर्षी किती लावायचं? नवं वाण कितीही नावाजलेलं असलं तरी आधी एका लहान बांधीत लावा, शेजारी आपलं नेहमीचं धान ठेवा, आणि दोन्हींचं वजन गटाच्या वहीत लिहा. आणि पेरण्याआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहा. ८० पेक्षा कमी उगवले तर ते बियाणं घेऊ नका.

एक शेवटचं. नवं आलं म्हणून जुनं फेकू नका. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी देशी बियाणं जपलं आणि त्यांना पद्मश्री मिळाली. शास्त्रज्ञांची कात्री कितीही बारीक असली तरी ती चालते आधीपासून असलेल्या पोथीवर. कमला आली ती सांबा महसुरी होती म्हणून. ज्या पोथ्या आपण हरवू, त्यांत कोणीच काही दुरुस्त करू शकणार नाही. प्रत्येक गटाने गावातली दोन-चार जुनी वाणं डब्यात भरून, नाव आणि वर्ष लिहून ठेवली, तर ते कामही तेवढंच मोठं आहे.

त्या गटाच्या कार्यवाहीत आता एक नियम लिहिलेला आहे. बिल आणि चिठ्ठी बैठकीत दाखवल्याशिवाय बियाण्याला कर्ज नाही. त्याखाली अकरा सह्या आहेत, आणि पहिली सही त्या पिशवी घेतलेल्या बहिणीची आहे. यंदा मृग लागायच्या आत तुमच्याही बैठकीत हा विषय घ्या. काही समजलं नाही तर विचारा. विचारणारीला अडाणी म्हणायचं नाही, हाही नियम सोबतच लिहून टाका.